लाल टमाट्याची पिवळी साल

घरात एखादा लालबुंद, छान पिकलेला टमाटा आहे का? असेल तर आईला विचारून मागून घ्या. (न विचारता घेतलात तर संध्याकाळच्या वरणात काय घालायचं, हा प्रश्न तुमच्याच गळ्यात पडेल.) मग घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन तो उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडा आणि झाऱ्यानं काढून गार पाण्यात टाका. साल सुरकुतेल, एका कडेला फाटेल. तिथं चिमटीत धरून ओढा, अलगद सुटून येईल. तिला चिकटलेला गर बोटानं पुसून टाका, साल पाण्यात धुवा आणि खिडकीशी जाऊन उजेडासमोर धरा.

कोणता रंग दिसला?

लाल नाही ना? पिवळा! पातळ, आरपार दिसणारा, चक्क पिवळा. आपल्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लाल टमाट्यांची साल अशीच निघते. म्हणजे आपण ज्याला लाल टमाटा म्हणतो तो आतून लाल आणि वरून पिवळा असतो. पिवळ्या काचेतून लाल गर दिसतो, म्हणून तो तसा शेंदरीकडं झुकणारा लाल वाटतो. सालीतल्या या पिवळ्या रंगद्रव्याचं नाव आहे नॅरिंजेनिन चाल्कोन. नाव पाठ झालं नाही तरी चालेल, मलाही दोनदा बघून लिहावं लागलं.

आता गंमत बघा. टमाट्याचा रंग दोन ठिकाणांहून येतो, एक साल आणि दुसरा गर. साल पिवळी असते किंवा बिनरंगी. गर लाल असतो किंवा पिवळा. लाल गरावर पिवळी साल आली की आपला नेहमीचा टमाटा. लाल गरावर बिनरंगी साल आली की गुलाबी टमाटा. जपानमध्ये लोकांना हा गुलाबीच जास्त आवडतो, तिथला ‘मोमोतारो’ हा लाडका वाण तसाच आहे. पिवळ्या गरावर पिवळी साल आली की सोनेरी टमाटा. आणि पिवळ्या गरावर बिनरंगी साल आली, तर इतका फिका टमाटा की लोक त्याला पांढराच म्हणतात. साल दोन तऱ्हेची, गर दोन तऱ्हेचा आणि टमाटे चार तऱ्हेचे. नारिंगी, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे यात धरलेलेच नाहीत, नाहीतर हा लेख संपायचा नाही.

आपल्याला आज हवा आहे तो सोनेरी. तो कच्चा नसतो बरं का! पिवळा टमाटा दिसला की “अजून पिकला नाही, राहू दे” असं मोठी माणसंसुद्धा म्हणतात. पण तो पूर्ण पिकलेला असतो, मऊ, रसाळ, आत बिया तयार झालेल्या. फक्त तो लाल होत नाही. का होत नाही?

लातूरला किंवा उदगीरला जाताना तुम्ही डाळमिल पाहिली असेल. एका टोकाला तूर आत जाते. ती साफ होते, तिला तेल-पाणी लागतं, ती वाळते, मग चाकीत टरफल निघतं आणि दुसऱ्या टोकाला डाळ बाहेर पडते. आता समजा, पहिलंच यंत्र बंद पडलं. पुढची सगळी यंत्रं धडधाकट आहेत, पण त्यांच्यापर्यंत मालच पोचत नाही. मग डाळ निघणार कुठून? टमाट्याच्या गरात अगदी हेच चालतं. लाल रंगाच्या द्रव्याचं नाव लायकोपीन. ते एका फटक्यात होत नाही, टप्प्याटप्प्यानं होतं. सुरुवातीला फायटोईन नावाचं बिनरंगी द्रव्य तयार होतं, त्यात बदल होत होत लायकोपीन बनतं. पिवळ्या टमाट्यात हे फायटोईन बनवणारं पहिलं यंत्र बिघडलेलं असतं. ते यंत्र कसं बनवायचं याची सूचना झाडाच्या प्रत्येक पेशीत लिहिलेली असते, तिला आपण जनुक म्हणतो. या एका जनुकात चूक झाली की पुढचा सगळा लाल माल बंद. मग उरतो सालीचा पिवळा आणि गरातला किंचित पिवळेपणा. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये ही बिघडलेली जागा नेमकी शोधून दाखवली.

इथं एक हुशार मुलगी हात वर करणार, मला माहीत आहे. “पण हे फायटोईन तर पानांनाही लागतं ना?” लागतं! पानांतल्या हिरव्या रंगाला कडक उन्हापासून वाचवायला याच कुळातली रंगद्रव्यं लागतात. ती नसती तर आपल्या लातूर जिल्ह्यातल्या जळकोटच्या उन्हात टमाट्याचं रोप आठवडाभरही टिकलं नसतं. पण टमाट्यानं सोय करून ठेवली आहे. पानांसाठी त्याच कामाचं दुसरं, वेगळं जनुक आहे. फळातलं बिघडलं तरी पानातलं चालू राहतं. म्हणून पिवळ्या टमाट्याचं झाड इतर झाडांसारखंच हिरवंगार दिसतं, आणि फळं येईपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही की हे वेगळं आहे.

थांबा, आता दुसरा हात वर आला. “आमच्या मळ्यात तर लाल वाण लावला होता, पण उन्हाळ्यात त्यालाच पिवळे टमाटे लागले!”

शाब्बास. हे फक्त आपल्याकडच्या मुलांनाच सुचणार, थंड देशातल्या पुस्तकात हा प्रश्न सहसा येत नाही. त्याचं उत्तर असं. लायकोपीन तयार व्हायला हवा फार तापलेली चालत नाही. साधारण ३० अंशांच्या वर पारा गेला की लाल रंग बनणं मंदावतं, आणि आणखी तापलं की जवळजवळ थांबतं. पण त्याच कुळातलं पिवळं-नारिंगी कॅरोटीन त्या उन्हातही बनत राहतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी गाठतो. शिवाय उघड्यावर लटकणारं फळ हवेपेक्षाही जास्त तापतं. मग फळ पिकतं, मऊ होतं, पण देठाजवळचा भाग पिवळा-नारिंगीच राहतो. पानांच्या सावलीतलं फळ मात्र त्याच झाडावर लाल होतं. हे उन्हानं पिवळं झालेलं फळ, आणि आपण बोलतोय ते जन्मानंच पिवळं. पहिल्यात यंत्र चांगलं आहे पण उन्हानं बसकण मारली आहे, दुसऱ्यात यंत्रच बिघडलेलं आहे.

हे स्वतः तपासून बघता येतं. उन्हाळ्यात लाल वाणाच्या झाडावरून दोन अशी फळं तोडा, ज्यांच्या बुडाशी नुकताच रंग फिरायला लागलाय. एक पत्र्यावर उन्हात ठेवा, एक घरात माठाशेजारी सावलीत. चार-पाच दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवा. माठाजवळचं जास्त लाल दिसेल. तेच जन्माच्या पिवळ्या टमाट्याला कितीही गारव्यात ठेवा, तो लाल व्हायचं नाव घेणार नाही.

आता जरा लांब जाऊ. टमाट्याचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम बाजूला, आजच्या पेरू आणि इक्वेडोर देशांच्या भागात. तिथली रानटी फळं बोराएवढी. पुढं मेक्सिकोतल्या लोकांनी निवडून निवडून ती मोठी केली, आणि स्पेनच्या जहाजांतून टमाटा युरोपात पोचला. १५४४ साली इटलीतल्या मातिओली नावाच्या वैद्यानं त्याबद्दल लिहिलं. त्याला तो वांग्याचाच एक प्रकार वाटला. (फार चुकला नाही तो! वांगं, मिरची, बटाटा, टमाटा आणि आपल्या बांधावरची काटेरिंगणी ही सगळी एकाच कुळातली. फुलं शेजारी ठेवून बघा.) आणि पिकल्यावर हे फळ कोणत्या रंगाचं होतं म्हणून त्यानं लिहिलं? सोनेरी! लाल रंगाचा उल्लेख त्याच्या लिखाणात नंतर आला. म्हणजे युरोपातल्या कागदावर टमाटा पहिल्यांदा उतरला तो पिवळा होऊन.

पण मला सगळ्यात आवडते ती गोष्ट आहे कासवाची. इक्वेडोरपासून हजारभर किलोमीटर समुद्रात गालापागोस नावाची बेटं आहेत. चार्ल्स डार्विन तिथं १८३५ मध्ये गेला होता, आणि तिथल्या टमाट्याचे नमुनेही त्यानं गोळा केले. ही फळं छोटी, पिवळी ते नारिंगी. त्यांचा पिवळेपणा आपल्या पिवळ्या टमाट्यापेक्षा वेगळ्या कारणाचा आहे. त्यांच्यात लाल द्रव्याचं पुढं नारिंगी कॅरोटीन होऊन जातं. पुढं चार्ल्स रिक नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं या बेटांवरच्या टमाट्याचं बी पेरलं, तर ते उगवेचना! त्यानं आणि बोमन नावाच्या सहकाऱ्यानं मग तिथल्याच प्रचंड कासवांना ती फळं खाऊ घातली. कासव कसलं निवांत, काही बिया कितीतरी दिवस पोटात फिरल्या आणि शेणातून बाहेर आल्या. त्या पेरल्या, आणि भराभर उगवल्या! १९६१ मध्ये त्यांनी हे छापलं. कासवाच्या पोटात बियांचं टणक टरफल मऊ पडतं. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळानं आपल्यालाही कासव व्हायचंय.

पिवळ्या टमाट्याचे जुने वाण आजही लोकांनी जपून ठेवले आहेत. ‘येलो पेअर’ हा छोटा, मानेशी निमुळता, घोसानं लागणारा वाण युरोपात आणि अमेरिकेत फार जुना. ‘गोल्डन क्वीन’ हा गोल, मोठा वाण अमेरिकेतल्या ओहायोच्या लिव्हिंगस्टन यांनी १८८२ मध्ये बाजारात आणला. आपल्याकडं दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं ‘पुसा गोल्डन चेरी टोमॅटो-२’ नावाचा सोनेरी, एका घासात संपणारा वाण काढला आहे, तो मात्र जुना नाही, नवा.

‘जुना वाण’ म्हणजे काय, तर ज्याचं बी धरून ठेवलं, पेरलं, की पुन्हा तसंच फळ येतं. ज्याला आपण गावरान म्हणतो. दुकानातल्या पाकिटावर ‘एफ-वन’ लिहिलेलं असेल तर तो संकरित. त्याचं बी पेरलं की पोरं भलतीच निघतात, कुणी लांबट, कुणी गोल. गावरान बी म्हटलं की आपल्या राज्यात एकच नाव आठवतं, राहीबाई पोपेरे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या. शाळेत गेल्या नाहीत, पण घरातच गावरान बियांची बँक उभी केली. एकट्या वालाचेच कितीतरी प्रकार त्यांच्याकडं आहेत. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

चला, आता लावायला घेऊ. जळकोट म्हणजे डोंगराळ, मुरमाड माळ, आणि ओढ्याकाठी काळी जमीन. टमाट्याला दोन्ही चालतात, फक्त काळ्या मातीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात. म्हणून काळ्या मातीत वाफा थोडा उंच करायचा, आणि मुरमाड जागेत शेणखत सढळ हातानं घालायचं. अंगण सिमेंटचं असेल तर जुनं, बुडाला भोकं पाडलेलं घमेलं किंवा डबा घ्या.

वेळ महत्त्वाची. गणपती गेले की बी टाका. दसऱ्याच्या आसपास रोप वीतभर होतं, तेव्हा संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आळं करून लावा. मग थंडी सुरू होते आणि झाड खुशीत येतं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळे शेतात भज्जी आणि आंबील घेऊन जातील, तेव्हा तुमच्या झाडाला पहिली फळं पिवळी होत असतील. उन्हाळ्यात लावायचा हट्ट करू नका. रात्रीसुद्धा गार होत नाही तेव्हा टमाट्याचे परागकण नीट तयार होत नाहीत, फुलं येतात आणि गळून जातात. पाण्याचंही तेच. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी आळ्यात घाला, तेवढ्यावर चार झाडं सहज जगतात. फक्त रोज थोडं थोडं घाला. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी बादलीभर असं केलं की फळं तडकतात, नाहीतर बूड काळं पडतं.

आधाराला तुराट्या लावा. बांबू विकत आणायची काही गरज नाही, तुरीची काढणी झाल्यावर हव्या तेवढ्या मिळतात, आणि तोपर्यंत मागच्या वर्षीच्या सरपणातल्या चालतात. आणि बाजूला झेंडूची दोन रोपं हवीतच. आपल्याकडं चहूकडं तूर आणि हरभरा, त्यावरची घाटेअळी टमाट्यातही शिरते, फळ पोखरून आत बसते. तिचा पतंग झेंडूवरही अंडी घालतो, तेवढाच टमाट्यावरचा भार कमी. सकाळी अळ्या वेचायचं काम धाकट्या भावाला द्या, त्याला आवडतं.

फूल आलं की भिंग घेऊन जवळ जा. पाच-सहा पिवळ्या पाकळ्या मागं वळलेल्या, आणि मधोमध पुंकेसरांचा एकत्र जुळलेला पिवळा सुळका. परागकण बाहेर कुठंच दिसत नाहीत! ते सुळक्याच्या आत बंद असतात, आणि हलवल्याशिवाय खाली पडत नाहीत. मधमाशीला हे जमत नाही. काळ्या भुंग्याला जमतं. तो फुलाला पायांनी घट्ट धरतो, पंख न फडकवता छातीचे स्नायू थरथरवतो, आवाज एकदम बारीक होतो आणि पराग भुरभुर अंगावर पडतो. कान देऊन ऐका, उडतानाचा आवाज वेगळा आणि फुलावरचा वेगळा. भुंगा नाही आला तरी बिघडत नाही. वाऱ्यानं हललं तरी फुलाचा पराग त्याच फुलाला मिळतो. वारा पडला असेल तर सकाळी दहा-अकराला तुराटीवर दोन टिचक्या मारा.

पिवळं फळ तोडायचं कधी, हा खरा पेच. लाल होण्याची वाट बघत बसलात तर सडेल. हिरवट झाक पूर्ण गेली, दाबल्यावर किंचित मऊ लागलं, आणि देठावरच्या गाठीपाशी जरा वाकवताच टचकन तुटलं, की झालं तयार. मग चव. “पिवळे कमी आंबट असतात,” असं सगळे सांगतात. मला ते पूर्ण पटत नाही. मोजलं तर अनेक पिवळ्या वाणांत आंबटपणा लाल वाणांइतकाच भरतो. काहींत साखर जास्त असते म्हणून गोड लागतात, आणि काही वेळा आपले डोळेच जिभेला फसवतात. घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांना रुमाल बांधा, एक लाल फोड आणि एक पिवळी फोड द्या, ओळखायला सांगा. आजोबांना जरूर घ्या, ते सगळ्यात आधी पैज लावतात.

आता कासव होण्याची वेळ. बी धरायला सगळ्यात चांगल्या झाडावरचं, पूर्ण पिकलेलं फळ घ्या. कापलंत की प्रत्येक बीभोवती बुळबुळीत पिशवी दिसेल. टमाट्याच्या आत इतकी ओल, इतका गारवा, तरी बी तिथंच का उगवत नाही? ती पिशवी आणि फळाचा रस त्याला अडवतात. ती काढायची. गर-बिया वाटीत काढा, थोडं पाणी घाला, झाकून सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत वर बुरशीचा पापुद्रा येईल आणि वास... वासाबद्दल घरी आधीच सांगून ठेवा. मग भरपूर पाण्यानं धुवा. पोकळ बिया तरंगतील, भरलेल्या तळाशी बसतील. त्या बशीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटतात. कडकडीत वाळल्या की राखेत मिसळून डबीत भरा, वर नाव आणि वर्ष लिहा.

शेवटी एक गुपित. शेजारी लाल टमाट्याचं झाड असेल आणि भुंग्यानं त्याचा पराग तुमच्या पिवळ्या फुलाला लावला, तर? यंदाचं फळ पिवळंच राहील, कारण फळ आईचं असतं. पण आतली बी बदललेली असते. प्रत्येक रोपाला रंगाची एक सूचना आईकडून आणि एक बापाकडून मिळते, आणि दोन्हींतली एक जरी चांगली असली तरी लाल रंग तयार होतो. म्हणून पुढच्या वर्षी त्या बियांच्या झाडांना फळं लाल! पिवळा हरवला असं वाटेल. पण त्या लाल फळांचं बी धरून त्याच्या पुढच्या वर्षी पेरा. साधारण चारातल्या एका झाडाला पिवळी फळं लागतील, कारण त्याला दोन्हीकडून बिघडलेलीच सूचना मिळाली. चारच झाडं लावलीत तर एकही पिवळं न निघण्याची शक्यता असते, म्हणून वीसेक लावा. आणि जे पिवळं निघेल, त्याच्यात लाल लपलेला असूच शकत नाही. पुन्हा परका पराग लागू नये म्हणून फुलं उमलायच्या आधी त्या झाडाच्या एका घोसाला पातळ मलमलीची पिशवी बांधा, बाहेरून टिचकी मारा, आणि फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे भाजीसाठी ते कुणी तोडणार नाही.